गाडी आयडलिंगला थरथरते? पार्ट बदलण्याआधी हे वाचा

गॅरेज टाकलं त्या पहिल्याच वर्षी मी एक चूक केली. १५ वर्षं जुनी पेट्रोल गाडी आली. सिग्नलला थांबली की थरथरायची, आरपीएम सतत वरखाली. मी अंदाजानेच प्लग आणि इग्निशन कॉइल बदलली, बिल लावलं. तिसऱ्या दिवशी गाडी परत दारात! शेवटी निघालं काय, तर तडकलेला व्हॅक्यूम पाइप. कॉइलचे पैसे मला परत द्यावे लागले.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलाय. स्वस्त तपासणी आधी, महाग पार्ट शेवटी.

१. व्हॅक्यूम पाइप बघा. फुसफुस आवाज येतो का? संशय असलेला पाइप मॅनिफोल्डजवळ दाबा. आरपीएम सावरला, तर हवा तिथूनच शिरतेय.

२. प्लग काढून बघा. एकच काळा किंवा ओला असेल, तर त्याच सिलिंडरकडे लक्ष द्या.

३. इंजेक्टरचे कनेक्टर एकेक काढून लगेच लावा. जो काढल्यावर आरपीएम पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नाहीये.

४. सगळे सिलिंडर ठीक असतील, तर थ्रॉटल बॉडी साफ करा. कार्बन साचला की आयडलिंगच्या हवेची वाट अडते.

आणि हो, तपासणीची फी आधीच सांगा. गिऱ्हाईक म्हणेल, "नुसतं बघायचे पैसे?" शांतपणे सांगा, "साहेब, न बघता पार्ट बदलला तर तुमचे जास्त जातील."

गिऱ्हाईक पार्टचे नाही, खात्रीचे पैसे देतं.