युनिक्स प्रणालीतील मजकूर-कन्सोल

चित्रे, खिडक्या व निर्देशक यांच्या साहाय्याशिवाय केवळ अक्षरांच्या ओळी दाखविणारे आणि कळफलकावरून आज्ञा स्वीकारणारे, युनिक्स व युनिक्ससदृश परिचालन प्रणालींचे मूळ दृश्य माध्यम. संगणक सुरू होताना येणारे संदेश प्रथम या कन्सोलवर उमटतात आणि चित्रमय पडदा काही कारणाने बंद पडल्यास दुरुस्तीचे काम बहुधा येथूनच करावे लागते. त्यामुळे त्यावरील अक्षरे सुवाच्य असणे ही केवळ सोयीची बाब नाही. पडद्याची विभेदनक्षमता, अक्षरांचा आकार, रंग, ओळी व रकाने यांची संख्या इ. बाबी ठरविण्याच्या क्रियेस कन्सोलची दृश्यमांडणी म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः लिनक्स प्रणालीतील मांडणीचे विवेचन केले आहे. आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली असून प्रत्यक्षात ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित करतात.

इतिहास : केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्सच्या निर्मितीस प्रारंभ केला. त्या काळी संगणकाशी संवाद साधण्यासाठी दूरमुद्रक वापरीत. टेलिटाइप मॉडेल ३३ हा दूरमुद्रक सेकंदास १० अक्षरे कागदावर छापीत असे आणि त्यात केवळ मोठी रोमन अक्षरे होती. टेलिटाइप या शब्दाचे ‘टीटीवाय’ हे संक्षिप्त रूप युनिक्समधील अग्रांच्या नावांत आजही टिकून आहे. पुढे कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९७८ मधील व्हीटी १०० या अग्रावर ८० रकाने व २४ ओळी मावत. पडद्यावरील स्थान, ठळकपणा इ. बदलण्यासाठी ‘एस्केप’ या संकेताने सुरू होणाऱ्या अक्षरमालिका त्यात वापरल्या होत्या. या एस्केप-मालिकांचे प्रमाणीकरण झाले व त्या सर्वत्र रूढ झाल्या. लिनक्सचा कन्सोलही याच कुळातील मालिका पाळतो. ८० रकान्यांचा प्रघात त्याहून जुना आहे. आयबीएम कंपनीच्या १९२८ मधील छिद्रपत्रावरही ८० स्तंभ होते.

आयबीएमच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकाबरोबर ८० रकाने व २५ ओळींचा पडदा प्रचारात आला. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, तेव्हा याच वर्गातील संगणकांवर १९८७ पासून प्रचलित झालेली व्हीजीए ही दृश्ययंत्रणा सामान्य झाली होती. लिनक्स कन्सोलची अनेक वैशिष्ट्ये व मर्यादाही तिच्यापासून आलेल्या आहेत.

पडद्याची रचना : मजकूर-कन्सोलचा पडदा म्हणजे समान आकाराच्या चौकटींचे जाळे होय. प्रत्येक चौकटीत एक अक्षराकृती बसते. व्हीजीएच्या मजकूर पद्धतीत प्रत्येक चौकटीसाठी स्मृतीमध्ये दोन बाइट राखलेले असतात : एकात अक्षराचा क्रमांक व दुसऱ्यात अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा रंग. म्हणजे ८० × २५ चौकटींचा संपूर्ण पडदा केवळ ४,००० बाइटांत मावतो. चौकट ९ चित्रबिंदू रुंद व १६ चित्रबिंदू उंच असल्याने पडद्याचे विभेदन ७२० × ४०० इतके होते. अक्षराकृती दृश्ययंत्रणेच्या स्वतःच्या स्मृतीत असतात व अक्षर रेखाटण्याचे काम यंत्रणाच करते. एका वेळी २५६ आकृती उपलब्ध असतात. ही संख्या ५१२ पर्यंत वाढविता येते; परंतु त्यासाठी रंगदर्शक बाइटातील एक अंक खर्ची पडतो आणि अक्षरांचे रंग १६ ऐवजी ८ च उरतात.

आधुनिक संगणकांवर ही पद्धत मागे पडली आहे. आता गाभा, म्हणजेच कर्नेल, संपूर्ण पडद्याचे चित्रबिंदू स्वतः स्मृतीत रंगवितो व त्यांतून अक्षरे साकारतो. यास फ्रेमबफर कन्सोल म्हणतात. पडद्याचे विभेदन गाभ्यानेच ठरविण्याची पद्धत २००९ च्या सुमारास लिनक्समध्ये रूढ होऊ लागली. तीमुळे कन्सोल पडद्याच्या नैसर्गिक विभेदनात उघडतो. मात्र यातूनच एक नवी अडचण निर्माण झाली.

अक्षरांचा आकार : रकान्यांची संख्या म्हणजे पडद्याची रुंदी भागिले चौकटीची रुंदी आणि ओळींची संख्या म्हणजे पडद्याची उंची भागिले चौकटीची उंची होय, अपुरी उरलेली पट्टी रिकामी राहते. १९२० × १०८० विभेदनाच्या पडद्यावर ८ × १६ चा फाँट घेतल्यास २४० रकाने व ६७ ओळी मिळतात. ३८४० × २१६० च्या पडद्यावर हीच संख्या ४८० व १३५ होते. असा पडदा १३·३ इंची कर्णाचा असल्यास चौकटीची उंची सु. १·२ मिमी. इतकीच भरते आणि धडधाकट दृष्टीच्या व्यक्तीसही मजकूर वाचणे कठीण जाते. मंददृष्टी व्यक्तीस तर तो निरुपयोगीच ठरतो. यावर दोन उपाय संभवतात : विभेदन कमी करणे किंवा फाँट मोठा करणे. सपाट पडद्यावर नैसर्गिकाहून कमी विभेदन योजल्यास चित्रबिंदू ताणले जाऊन अक्षरांच्या कडा अस्पष्ट होतात. म्हणून दुसरा उपाय श्रेयस्कर होय. १६ × ३२ च्या फाँटने वरील पडद्यांवर अनुक्रमे १२० रकाने व ३३ ओळी आणि २४० रकाने व ६७ ओळी मिळतात.

कन्सोलचे फाँट चित्रबिंदूंच्या नकाशाच्या स्वरूपात असतात; त्यामुळे ते हवे तसे लहानमोठे करता येत नाहीत, तर प्रत्येक आकारासाठी निराळी फाइल लागते. लिनक्समध्ये त्यांसाठी ‘पीएसएफ’ हे फाइलस्वरूप रूढ आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत आकृतीची रुंदी ८ चित्रबिंदूच असे. दुसऱ्या आवृत्तीत इतर रुंदीही चालतात. कोणती आकृती कोणत्या युनिकोड संकेतासाठी वापरावयाची याचे कोष्टकही फाइलमध्ये जोडता येते. टर्मिनस हा फाँट अनेक आकारांत उपलब्ध असल्याने विशेष प्रचलित आहे. ‘सेटफाँट’ या आज्ञेपुढे फाइलचे नाव दिले की फाँट तत्काळ बदलतो. ही आज्ञा खऱ्या कन्सोलवरच लागू पडते. चित्रमय पडद्यावरील अग्र-खिडकीत ती निष्फळ ठरते, कारण त्या खिडकीचा फाँट संबंधित कार्यक्रमाच्या अखत्यारीत असतो. ‘एसटीटीवाय साइझ’ या आज्ञेने चालू कन्सोलवरील ओळी व रकाने अनुक्रमे कळतात. फाँट बदलल्यावर हे आकडे बदलतात व तशी सूचना चालू कार्यक्रमास पाठविली जाते. त्यामुळे संपादकासारखे कार्यक्रम आपला पडदा नव्याने आखतात.

मांडणी कायम करणे : आज्ञेने केलेला बदल संगणक बंद होताच नाहीसा होतो. तो टिकविण्यासाठी प्रणालीच्या ‘ईटीसी’ या निर्देशिकेतील मांडणी-फाइलींत नोंद करावी लागते. डेबियन व तिच्यापासून निघालेल्या वितरणांत ‘डिफॉल्ट’ या उपनिर्देशिकेतील ‘कन्सोल-सेटअप’ फाइलमध्ये संकेतसंच, फाँटची घडण व आकार अशा नोंदी असतात आणि ‘सेटअपकॉन’ या आज्ञेने त्या अंमलात येतात. सिस्टिमडी ही व्यवस्था वापरणाऱ्या इतर अनेक वितरणांत ‘व्हीकन्सोल’ या नावाच्या फाइलमध्ये फाँट व कळफलकाची मांडणी यांची नोंद करतात.

विभेदन मात्र त्याहून आधी, गाभा स्मृतीत येतानाच ठरते. म्हणून ते प्रारंभक कार्यक्रमातून गाभ्यास देण्याच्या प्राचलांद्वारे सांगतात. ‘व्हिडिओ’ या प्राचलाने विभेदन निश्चित करता येते. ‘एफबीकॉन’ या प्राचलाने गाभ्यातच समाविष्ट असलेला फाँट निवडता येतो किंवा उभ्या ठेवलेल्या पडद्यासाठी मजकूर ९०, १८० वा २७० अंशांत फिरविता येतो. दृश्ययंत्रणेचा चालक सदोष असून पडदा काळाच राहत असल्यास ‘नोमोडसेट’ हे प्राचल देतात. त्यामुळे गाभा विभेदन बदलण्याचा प्रयत्न करीत नाही व साधा पडदा मिळू शकतो.

मांडणी योग्य असूनही प्रारंभी मोठी दिसणारी अक्षरे मध्येच लहान होतात, असा अनुभव पुष्कळदा येतो. याचे कारण क्रमात असते. फाँट लावला गेल्यानंतर दृश्ययंत्रणेचा चालक उशिरा कार्यान्वित झाला, तर तो नवा कन्सोल स्थापन करतो व आधीचा फाँट गळून पडतो. चालकाचा समावेश प्रारंभिक स्मृतिप्रतिमेत केल्यास किंवा चालक आल्यानंतर फाँट पुन्हा लावण्याची योजना केल्यास हा दोष दूर होतो.

रंग व इतर बाबी : कन्सोलच्या रंगपटात १६ रंग असतात. त्यांतील गडद निळा रंग काळ्या पार्श्वभूमीवर अनेकांना नीट दिसत नाही. एस्केप-मालिकेने किंवा ‘सेटव्हीटीआरजीबी’ या आज्ञेने प्रत्येक रंगाचे तांबडे, हिरवे व निळे घटक बदलता येतात. काही काळ कळ न दाबल्यास पडदा काळा होण्याची मुदत ‘सेटटर्म’ या आज्ञेने किंवा ‘कन्सोलब्लँक’ या प्राचलाने ठरते. शून्य ही मुदत दिल्यास पडदा काळा होत नाही. एकाच पडद्यावर अनेक आभासी कन्सोल असतात व कंट्रोल, ऑल्ट आणि कार्यकळ एकत्र दाबून एकातून दुसऱ्यात जाता येते.

वर सरकून गेलेल्या ओळी शिफ्ट व पेज-अप या कळांनी परत पाहण्याची सोय पूर्वी लिनक्सच्या गाभ्यात होती. तिची देखभाल होत नसल्याने व तीत सुरक्षाविषयक दोष आढळल्याने २०२० मधील ५·९ या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. लांब मजकूर आता ‘लेस’ यासारख्या पृष्ठदर्शक कार्यक्रमातून वाचतात.

कोणत्या अग्रावर कोणत्या एस्केप-मालिका चालतात, याची माहिती ‘टर्मइन्फो’ या संग्रहात असते व ‘टर्म’ हे चल त्या संग्रहातील नोंद दर्शविते. हे चल चुकीचे असल्यास फाँट व विभेदन योग्य असूनही रेषा तुटक दिसणे, पडद्यावर विचित्र चिन्हे उमटणे असे दोष उद्‌भवतात.

इतर प्रणाली : फ्रीबीएसडीमध्ये ‘व्हीटी’ हा कन्सोल-चालक २०१६ मधील ११·० या आवृत्तीपासून मूलनियुक्त झाला. त्याचा फाँट ‘व्हिडकंट्रोल’ या आज्ञेने बदलतात. नेटबीएसडी व ओपनबीएसडी यांत ‘डब्ल्यूएसकॉन्स’ ही यंत्रणा असून तिच्या आज्ञा वेगळ्या आहेत. चौकट, फाँट व विभेदन यांचा परस्परसंबंध मात्र सर्वत्र सारखाच असतो.

देवनागरी लिपी व कन्सोल : मजकूर-कन्सोलची घडण रोमन लिपीस अनुरूप आहे. एक संकेत, एक आकृती व एक चौकट हे तिचे मूळ सूत्र होय. देवनागरीस ते लागू पडत नाही. ऱ्हस्व इकार संकेतक्रमात व्यंजनानंतर येतो, परंतु लिहिताना तो व्यंजनाच्या आधी काढतात. उकार व रफार अक्षराच्या खाली वा वर बसतात. जोडाक्षरांत दोन-तीन संकेत मिळून एकच आकृती बनते आणि अक्षरांची रुंदीही समान नसते. लिनक्सचा गाभा अशी पुनर्रचना करीत नाही. शिवाय ५१२ आकृतींत रोमन अक्षरांसह देवनागरीची सर्व जोडाक्षरे सामावणे दुष्कर आहे. त्यामुळे केवळ देवनागरी आकृतींचा फाँट बनवून हा प्रश्न सुटत नाही. मराठी मजकुराची फाइल कन्सोलवर उघडल्यास ठोकळे किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. फाइलमधील मजकूर मात्र शाबूत असतो. या कारणासाठीच डेबियनच्या स्थापना-कार्यक्रमात मराठीची निवड चित्रमय स्थापकातच करता येते.

या अडचणीवर भारतात पूर्वी यंत्रसामग्रीच्या मार्गाने उपाय योजण्यात आला होता. सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुणे येथील संस्थेने ‘जिस्ट’ तंत्रावर आधारित पत्रक वैयक्तिक संगणकासाठी उपलब्ध केले. ते संगणकात बसविल्यावर मूळ रोमन मजकुरासाठी लिहिलेल्या कार्यक्रमांतही भारतीय लिप्या दिसू शकत. अक्षरजुळणीचे काम पत्रक करी. आज हेच काम गाभ्याबाहेरील कार्यक्रमांकडे सोपविता येते. ‘केएमएसकॉन’ हा असा कार्यक्रम गाभ्याच्या फाँटमर्यादेतून मुक्त आहे. तथापि समान चौकटींचे बंधन त्यासही असल्याने देवनागरी जोडणी सर्वस्वी निर्दोष होतेच असे नाही. साध्या कन्सोलवर काम करताना प्रणालीचे संदेश इंग्रजीत ठेवणे हा सुरक्षित मार्ग होय, अन्यथा दुरुस्तीच्या वेळी संदेशच वाचता येत नाहीत.

महत्त्व : चित्रमय पडद्यांच्या प्रसारानंतरही मजकूर-कन्सोल टिकून आहे, कारण त्यास अत्यल्प साधने पुरतात. पडद्यावरील अक्षरे व त्यांची स्थाने ‘व्हीसीएस’ व ‘व्हीसीएसए’ या उपकरण-फाइलींतून जशीच्या तशी वाचता येतात. या सोयीचा उपयोग करून ‘बीआरएलटीटीवाय’ हा कार्यक्रम कन्सोलवरील मजकूर ब्रेल पट्टीवर उमटवितो व अंध व्यक्तीस संपूर्ण प्रणाली हाताळता येते. मंददृष्टी व्यक्तीस मोठा फाँट व ठळक रंगभेद यांचे तेच महत्त्व आहे. आपत्प्रसंगी लागणारी ही मांडणी प्रणाली सुस्थितीत असतानाच करून ठेवणे इष्ट असते. कारण वाचता न येणाऱ्या पडद्यावर ती करणे सर्वांत कठीण जाते.