पहारेकरी आणि पाकशाळा

जवळ्याचे कवच, कीटकांचे आवरण आणि अळिंबी यांत कायटिन नावाचे चिवट द्रव्य असते. ते न पचताच निघून जाते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांना २०२३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत निराळे दृश्य दिसले. कायटिनाने जठर ताणले जाते. त्याची वर्दी रोगप्रतिकारक पेशींना मिळते आणि त्यांच्या प्रेरणेने जठर कायटिन फोडणारे विकर अधिक स्रवते. कायटिन खाऊनही ते पचवू न शकणारे उंदीर मात्र स्निग्ध आहारावरही कमी लठ्ठ झाले. हे विकर मानवी जठररसातही आढळते. तथापि उंदराचा न्याय माणसाला लागू पडतो की नाही, हे अद्याप ठरावयाचे आहे. शत्रूशी झुंजणारे पहारेकरी पाकशाळेतही राबतात, एवढे मात्र या प्रयोगांनी दाखविले.