व्हाइस हातात नको, बोल्टात हवा

भोक आरपार जायला केसभर उरलं, की ड्रिल पत्र्यात अडकतं आणि हातातला जॉब पंख्याच्या पात्यासारखा गरगरतो. म्हणून ड्रिल प्रेसवर व्हाइस असा वापरा:

• निवड : बूड सपाट, दोन्ही बाजूंना बोल्टासाठी खाचा. गोल रॉडसाठी ‘व्ही’ खाचेचा जबडा.

• बसवणं : टेबलाच्या खाचांतून निदान दोन बोल्ट. जॉबखाली सारख्या उंचीच्या दोन पट्ट्या, नाहीतर भोक व्हाइसच्या बुडातही पडेल.

• बोल्ट बसत नसेल तर : व्हाइसला लांब पट्टी जखडून ती मशीनच्या खांबाच्या डाव्या अंगाला टेकवा. ड्रिल घड्याळाच्या दिशेने फिरतं. अडकलं तरी पट्टी खांबावर अडते.

• हात : हातमोजे काढा. जॉब फिरलाच, तर आधी मशीन बंद.