पग घोरतो, तेव्हा हसू नका!

2003 साली टीव्हीवर हच या मोबाइल कंपनीची एक जाहिरात झळकली. छोटा मुलगा जिकडे जाईल तिकडे त्याच्या मागे दुडुदुडु चालणारा, चपट्या तोंडाचा पग. बंगळूरच्या निर्वाणा फिल्म्सचे दिग्दर्शक प्रकाश वर्मा यांनी ती गोव्यात चित्रित केली होती. मुलांनी हट्ट धरला आणि घरोघरी ‘हचवाला कुत्रा’ आला. पुढे कंपनीचे नाव बदलले, कुत्र्याचे हे टोपणनाव मात्र राहिले.

हा पग रात्री घोरतो तेव्हा सारे घर कौतुकाने हसते. जाहिरातीत अर्थातच त्याचे घोरणे ऐकू येत नाही. वास्तविक तो श्वासासाठी झगडत असतो. चपट्या चेहऱ्याच्या हौसेपायी माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करत पग, बुलडॉग, शिह त्झू यांचा जबडा आखूड केला. आतले मांस मात्र त्या प्रमाणात घटले नाही. नाकपुड्या फटीएवढ्या उरल्या. टाळूचा मागचा मऊ भाग लांब होऊन श्वासाच्या वाटेवर लोंबू लागला. प्रत्येक श्वास जोराने ओढावा लागतो, त्यामुळे घसा सुजतो आणि वाट आणखी अरुंद होते.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. ज्याला धड धापाही टाकता येत नाहीत, त्याने उन्हाळ्यात काय करावे? थंड हवेच्या बंगळूरमध्येही 24 एप्रिल 2016 रोजी पारा 39.2 अंशांवर गेला होता. अशा दिवशी दुपारचे फिरणे किंवा बंद मोटारीतली दहा मिनिटेही पगच्या जिवावर बेतू शकतात. जीभ निळसर पडली किंवा तो कोसळला, तर आधी अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे.

यावर शस्त्रक्रिया आहे. नाकपुडीची छोटी पाचर कापून ती रुंद करतात आणि टाळूचा लोंबणारा भाग छाटतात. किती छाटायचा, यातच सर्जनचे कसब असते. कमी छाटला तर त्रास तसाच राहतो, जास्त छाटला तर अन्नपाणी नाकात शिरते. भूल उतरतानाची वेळ सर्वांत नाजूक. कुत्रा पुरता शुद्धीवर येईपर्यंत श्वासाची नळी काढत नाहीत आणि सूज येते का, यावर रात्रभर नजर ठेवतात. घसा कायमचा खचण्याआधी, तरुणपणीच हे केले तर गुण चांगला येतो. त्याआधी वजन उतरवणे आवश्यक आहे. लाडाने भरवलेली बिस्किटे इथे नडतात. गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा बांधावा.

शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याची पैदास मात्र करू नये. त्याच्या नाकपुड्या आता मोकळ्या दिसतात, पण पिल्ले त्याच जुन्या, अरुंद नाकाची जन्मू शकतात. नवे पिल्लू आणायचेच असेल, तर त्याच्या आईला थोडे चालवून पाहावे आणि ती श्वास कसा घेते ते कान देऊन ऐकावे.