योल्स्टरचा पिवळा वसंत

महाराष्ट्रातला वसंत कोरड्या मातीवर येतो. फाल्गुन-चैत्रात डोंगरउतारांवरचे गवत वाळून गेलेले असते, ओढे आटत आलेले असतात, आणि अशा वेळी पाने गाळून बसलेले पळस, पांगारा व काटेसावर पालवी फुटण्याआधीच फुलांनी पेटतात. त्यामुळे या ऋतूचा रंग मराठी मनात केशरी-तांबडा असतो आणि तो पाहायला मान वर करावी लागते. उत्तर युरोपातला वसंत याच्या अगदी उलट आहे. तो पाण्याबरोबर येतो, जमिनीलगत येतो आणि बहुतेक वेळा पिवळा असतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावर भाद्रपदात सोनकी आणि कवला यांची पिवळी फुले ओलसर जमिनीवर जशी दाटतात, ते दृश्य डोळ्यांसमोर आणले तर त्या वसंताची काहीशी कल्पना येऊ शकते. फरक इतकाच, की कासच्या फुलांमागे पावसाचे पाणी असते आणि नॉर्वेच्या कुरणांमागे वितळलेल्या बर्फाचे. या ओल्या, पिवळ्या वसंताचा सर्वांत जिव्हाळ्याचा चित्रकार म्हणजे निकोलाय आस्ट्रुप (१८८०–१९२८). नॉर्वेत त्याचे नाव घराघरांत माहीत आहे, आणि नॉर्वेच्या बाहेर मात्र एडवर्ड मुंकच्या नावापुढे ते जवळजवळ कोणाच्या कानावर आलेले नाही.

आस्ट्रुपची जवळजवळ सगळी कला योल्स्टर नावाच्या एका खोऱ्यात सामावलेली आहे. पश्चिम नॉर्वेत साडेएकसष्ट अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास एक लांबट सरोवर, त्याच्या दोन्ही बाजूंना उभे चढत गेलेले डोंगर, काठाने विखुरलेली शेतघरे, आणि जवळच योस्टेडाल्सब्रेन ही युरोपच्या मुख्य भूमीवरील सर्वांत मोठी हिमनदी, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. इथे वसंत उशिरा उतरतो. काठावरची कुरणे हिरवी होऊ लागतात तेव्हाही माथ्यावर बर्फाचे पट्टे तसेच असतात, आणि त्यांतून सुटणारे पाणी असंख्य ओहोळांनी खाली येऊन सखल कुरणांत मुरते. या मुरलेल्या पाण्यातच त्या ऋतूचे मुख्य फूल उगवते.

वनस्पतिशास्त्रात या फुलाला काल्था पालुस्ट्रिस म्हणतात. यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच दलदलीत राहणारे असा आहे. इंग्रजीतील त्याच्या ‘मार्श मॅरिगोल्ड’ या नावामुळे ते झेंडूच्या जातीचे असावे असा समज होतो, परंतु झेंडू सूर्यफुलाच्या कुळातला आहे आणि ही वनस्पती मोरवेलीच्या कुळातली. तिच्या फुलाला खऱ्या अर्थाने पाकळ्याच नसतात. जी चकचकीत पिवळी दले दिसतात ती निदले होत, म्हणजे इतर फुलांत कळीला बाहेरून झाकणारी जी हिरवी आवरणे असतात तीच इथे मोठी व रंगीत होऊन पाकळ्यांचे काम करतात. वनस्पतीचे मूळ सतत ओलीत असावे लागते, त्यामुळे कुरणात ही फुले जिथे रांगेने दिसतात तिथे गवताखालून पाणी वाहत आहे असे खुशाल समजावे. ही वनस्पती भारतालाही परकी नाही. काश्मीर-हिमाचलच्या उंच भागांत ओढ्यांच्या काठी तिचा एक प्रकार आढळतो, आणि तिथे तिची फुले पांढरी असतात.

आस्ट्रुपचा जन्म नॉर्वेच्या किनाऱ्यावरील ब्रेमांगर येथे झाला, पण तो जेमतेम तीन वर्षांचा असताना कुटुंब योल्स्टरमधील ओल्हुस या गावी आले, कारण त्याचे वडील लुथरपंथी धर्मगुरू होते आणि त्यांची नेमणूक तिथल्या चर्चमध्ये झाली होती. चौदा भावंडांत तो थोरला. चर्चशेजारचे घर थंड आणि दमट होते, आणि दम्याने त्याची पाठ लहानपणापासून अखेरपर्यंत सोडली नाही. थोरल्या मुलाने आपल्यामागे धर्मगुरू व्हावे ही वडिलांची अपेक्षा बाजूला सारून तो १८९९ मध्ये क्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला गेला, तिथे हॅरिएट बाकर या मान्यवर चित्रकर्तीच्या चित्रशाळेत शिकला, आणि पुढे पॅरिसमध्ये क्रिस्तियान क्रोग यांच्या हाताखाली काही काळ राहिला. १९०२ मध्ये तो योल्स्टरला परतला. त्यानंतरही परदेशप्रवास घडले, बर्लिनमध्ये शिक्षणही झाले, परंतु मुक्कामाची जागा बदलली नाही. पॅरिसमध्ये नव्या कलेचे वारे वाहत असताना एका तरुण चित्रकाराने सरोवराकाठच्या खेड्यात परत यावे, याकडे माघार म्हणून पाहण्याची चूक काही जण करतात. त्याची चित्रे पाहिल्यावर हा समज टिकत नाही, कारण एकाच कुरणाकडे वर्षानुवर्षे पाहत राहिल्याशिवाय जे दिसणार नाही तेच त्याने रंगवले आहे.

१९०५ मध्ये क्रिस्तियानियात त्याचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. याच वर्षी नॉर्वे स्वीडनपासून वेगळा होऊन स्वतंत्र राष्ट्र बनला होता, आणि आपल्या भूमीचे रूप आपल्याच माणसाच्या हातून पाहण्याची ओढ तिथल्या समाजात तीव्र होती. परंतु राष्ट्राभिमानी चित्रांतून तोवर जे दिसे, म्हणजे प्रचंड कडे, खोल खाड्या आणि गर्जणारे धबधबे, ते आस्ट्रुपच्या चित्रांत फारसे नाही. तिथे परसातले वाफे आहेत, सफरचंदाचा मोहर आहे, वाळत घातलेले गवत आहे, ओलीत पाय रुतवून उभी असलेली मुले आहेत, आणि त्यांच्यामागे डोंगर घरच्या वडीलधाऱ्यासारखा बसलेला आहे.

त्याच्या चित्रांतली वेळ विशेष लक्ष देण्यासारखी आहे, कारण फुलांची त्याची बहुतेक उत्तम चित्रे रात्रीची आहेत. साडेएकसष्ट अंशांवर जून महिन्यात सूर्य मावळतो खरा, पण क्षितिजाखाली फार खोल जात नाही, त्यामुळे मध्यरात्रीही संधिप्रकाश रेंगाळतो. हा प्रकाश कोणत्याही एका दिशेने येत नाही. म्हणून ठळक सावल्या पडत नाहीत आणि प्रत्येक वस्तू आपापल्या जागी स्वतःच्याच रंगाने उजळल्यासारखी दिसते. याला डोळ्याच्या रचनेचीही साथ असते. भरपूर उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी डोळ्यात वेगवेगळ्या असतात, आणि उजेड कमी होत गेला की तांबडे रंग झपाट्याने काळवंडतात व निळे-हिरवे रंग तुलनेने उजळ भासतात. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही गोष्ट नोंदवली, म्हणून तिला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. आस्ट्रुपच्या ‘सोलायनात’, म्हणजे दलदलीतल्या या पिवळ्या फुलांची रात्र, या सुमारे १९१५ मधील चित्रात निळसर हिरव्या अंधारात हजारो पिवळे ठिपके दिव्यांसारखे लुकलुकतात आणि मागे बर्फाचे पट्टे ल्यालेला डोंगर उभा असतो. हा रंगमेळ स्वप्नातला वाटतो, पण त्या अक्षांशावर, त्या महिन्यात, त्या घटकेला डोळा अगदी याच सीमेवर असतो, आणि चित्रकाराने ती सीमा अचूक पकडली आहे.

‘सोलायनात’ हे कुंचल्याने रंगवलेले चित्र नव्हे. ते काष्ठमुद्राचित्र आहे. लाकडाच्या फळीवर हवा तो आकार उठावात ठेवून बाकीचा भाग कोरून काढायचा, उठावाला शाई लावायची आणि त्यावर कागद दाबून ठसा घ्यायचा, असे या तंत्राचे मूळ रूप आहे. सुती कापडावर लाकडी ठशांनी नक्षी छापणाऱ्या कारागिरांचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते नवे वाटणार नाही. रंगीत चित्रासाठी अनेक फळ्या कोराव्या लागतात आणि एकावर एक ठसे तंतोतंत बसवावे लागतात. जपानी मुद्राचित्रकारांनी ही कला कळसाला नेली होती, आणि युरोपातील अनेक चित्रकारांप्रमाणे आस्ट्रुपही त्यांच्याकडून शिकला. पण जपानी कलावंत पाण्यात कालवलेले पारदर्शक रंग वापरत, तर त्याने तेलात कालवलेले दाट रंग पसंत केले. असा रंग सावकाश वाळतो, म्हणून दुसरा थर देण्यापूर्वी थांबावे लागते, आणि एक ठसा पुरा व्हायला पुष्कळ काळ लागतो. त्यावरही समाधान न होता तो छापलेल्या कागदावर पुन्हा कुंचल्याने काम करी.

मुद्राचित्राचा सर्वसाधारण हेतू एकासारख्या एक अनेक प्रती मिळवणे हा असतो. आस्ट्रुपने या हेतूलाच बगल दिली. त्याच फळ्यांवरून तो एक प्रत उजळ संध्याकाळची काढी, दुसरी गडद रात्रीची, तिसरीत हिरव्याचा भर कमी करून निळा वाढवी. त्यामुळे त्याच्या एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर त्या एकाच जागेच्या दोन रात्री वाटतात. जे कुरण दररोज निराळे दिसते त्याच्या सगळ्या प्रती सारख्या असणे त्याला खोटे वाटले असावे. मुद्राचित्रणाच्या इतिहासात ही दृष्टी विरळा आहे, आणि आस्ट्रुपचे मोठेपण तैलचित्रांपेक्षाही या ठशांत अधिक आहे, असे मानायला भरपूर आधार आहे.

त्याचे दुसरे आवडते फूल म्हणजे जांभळट गुलाबी घंटांचे उंच तुरे धरणारी डिजिटॅलिस ही वनस्पती. नॉर्वेजियन भाषेत तिला कोल्ह्याच्या घंटा अशा अर्थाचे नाव आहे. ती विषारी आहे, आणि १७८५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने तिच्या औषधी गुणांवर ग्रंथ लिहिल्यापासून हृदयरोगावरील उपचारांत तिला स्थान मिळाले. तिच्या बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो. म्हणून रान दाट असेपर्यंत त्या मातीत पडून राहतात आणि झाडे तुटून जमिनीवर ऊन आले की उगवतात. बर्च वृक्षांच्या पांढऱ्या खोडांच्या संगतीत आस्ट्रुपने हे तुरे पुन्हा पुन्हा रंगवले. वसंत सरून उन्हाळा लागल्याची ती खूण आहे.

त्याच ऋतूसंधीला, २३ जूनच्या रात्री, खोऱ्यातल्या काठाकाठावर होळ्या पेटत. ही प्रथा ख्रिस्ती धर्मापूर्वीची म्हणून धर्मगुरू वडिलांनी मुलांना तिथे जाण्यास मनाई केलेली होती, आणि आस्ट्रुपच्या होळीच्या चित्रांत ज्वाळांपासून अंतर राखून पाहणाऱ्या नजरेची हुरहूर स्पष्ट जाणवते.

१९०७ मध्ये त्याने एंगेल सुंद या शेतकरी कुटुंबातील मुलीशी लग्न केले. त्यांना आठ मुले झाली. पुढे सरोवराच्या दक्षिण काठावर सांदालस्ट्रांद नावाची जागा घेऊन ते तिथे राहायला गेले. जागा उत्तरेकडे तोंड असलेल्या तीव्र उताराची होती, म्हणजे ऊन कमी आणि माती वाहून जाणारी. दगडांचे बांध घालून, कोकणातल्या उतारावर काढतात तशा पायऱ्या काढून, त्याने व एंगेलने तिथे फळझाडे, भाज्या आणि फुले लावली, गवताच्या छपरांची लहान लाकडी घरे उभी केली. ही बाग कुटुंबाचे पोट भरण्यासाठी होती आणि चित्रांसाठीही होती. कोणता वाफा कुठल्या उंचीवर असावा, खिडकीतून कोणते झाड डोंगराच्या कोणत्या शिखरापुढे यावे, याचा विचार तिच्या मांडणीत दिसतो. निसर्गचित्रकार सहसा दृश्य शोधत हिंडतो. आस्ट्रुपने ते आधी मातीत लावले, वाढवले आणि मग रंगवले.

२१ जानेवारी १९२८ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो न्यूमोनियाने गेला. तो नॉर्वेबाहेर अज्ञात राहण्याची कारणे साधी आहेत: आयुष्य थोडे, प्रकृती नाजूक, मुक्काम राजधानीपासून दूर, आणि बहुतेक चित्रे नॉर्वेतच घरोघरी व तिथल्या संग्रहांत राहिलेली. लंडनच्या डलिच पिक्चर गॅलरीत २०१६ च्या फेब्रुवारी ते मे या काळात त्याचे मोठे प्रदर्शन भरले तेव्हा ब्रिटिश रसिकांना त्याची पहिली खरी ओळख झाली, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील क्लार्क आर्ट इन्स्टिट्यूटने ती पुढे नेली. नॉर्वेतला त्याच्या कामाचा मोठा साठा बर्गन शहरातील संग्रहालयात पाहता येतो.

सांदालस्ट्रांद आता आस्ट्रुपतुनेत या नावाने ओळखले जाते आणि १९८६ पासून ते संग्रहालय आहे. तिथल्या पायऱ्यांवर आस्ट्रुपने रूबार्बच्या निरनिराळ्या जाती जमवल्या होत्या, त्यांच्या आंबट लाल देठांपासून तो मद्य करी, आणि त्यांची थोरली, सुरकुतलेली पाने त्याच्या चित्रांतही आहेत. वैद्यांच्या दुकानातली रेवंदचिनी याच प्रजातीतल्या वनस्पतींचे मूळ होय. रूबार्बची ठरावीक जात राखायची तर बी पेरून भागत नाही, कारण बियांपासून येणारी रोपे मूळ झाडासारखी निघतीलच असे नाही. जुन्या झाडाचा गड्डा कुदळीने फोडून त्याचा डोळा असलेला तुकडा नव्या वाफ्यात लावावा लागतो, आणि अशा रीतीने वाढवलेले झाड हे नवे झाड नसून त्या जुन्याच झाडाचा पुढचा भाग असते.