सशांचे संसर्गजन्य रोग : ओळख आणि प्रतिबंध

अहिल्यानगर शहराच्या सावेडी उपनगरासारख्या दाट वस्तीत हौसेने ससा आणला जातो. त्याच्या वाट्याला जागा येते ती बहुधा गच्चीची किंवा जिन्याखालची. पिंजरा लहान, आणि पावसाळ्यात तो कोरडा राहणे कठीण. रोगाचे मूळ येथेच असते.

सशाच्या पिलांचा मोठा शत्रू म्हणजे कॉक्सिडिया हा एकपेशीय परजीवी होय. दूध तुटल्यानंतरच्या काही आठवड्यांत पिलांना हगवण लागते, पोट फुगते, अंग वाळते. परजीवीचे कोष लेंड्यांतून बाहेर पडतात. मात्र ते बाधक होण्यास ओलावा व साधारणतः दोन-तीन दिवसांचा अवधी लागतो. म्हणून पिंजरा रोज झाडून कोरडा केल्यास रोगाची साखळी तुटते. औषधाच्या बाटलीपेक्षा येथे खराट्याचा उपयोग अधिक.

पाश्चुरेला जिवाणूंमुळे शिंका येतात, नाक वाहते. ससा नाक पुढच्या पायांनी पुसतो व तेथील लव चिकट होते. पाहणाऱ्याने आधी पाय पाहावेत.

ससा दुखणे लपवितो. त्याने खाणे सोडले, लेंड्या टाकणे थांबले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकास दाखवावे. घरातील अमॉक्सिसिलीनच्या गोळ्या मुळीच देऊ नयेत. आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून ससाच दगावण्याचा धोका असतो.

चीनमध्ये १९८४ साली प्रथम आढळलेल्या विषाणुजन्य रक्तस्रावी रोगात ससे लक्षणांवाचूनही मरतात. यास्तव एकाएकी अनेक ससे मेल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे; कलेवर उघड्यावर टाकू नये. नवा ससा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवून त्याला चारापाणी जुन्या सशांनंतरच द्यावे.