नंदू नाटेकर

मुलांनो, बॅडमिंटनचे फूल तुम्ही पाहिले आहे ना? बुचाला सोळा पिसे लावून ते बनवतात. त्याचे वजन जेमतेम ५ ग्रॅम असते. या हलक्या फुलाने नंदू नाटेकर यांचे नाव परदेशात पोहोचवले.

नाटेकरांचा जन्म १९३३ साली सांगली येथे झाला. आधी ते टेनिस खेळत. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले. मग ते बॅडमिंटनकडे वळले. १९५३ साली, विसाव्या वर्षी, ते राष्ट्रीय विजेते झाले. १९५६ साली क्वालालंपूर येथील स्पर्धा त्यांनी जिंकली. आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होत. १९६१ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

त्या काळी विजेत्याला करंडक मिळे, पैसे मिळत नसत. पैशांची बक्षिसे १९८० च्या सुमारास सुरू झाली. आज निवडक खेळाडूंचे घर या खेळावर चालते. पण तिशीनंतर शरीराची चपळाई कमी होत जाते. पुढे आयुष्य बरेच उरते. म्हणून नांदेड-लातूरच्या मुलामुलींनी रॅकेट जरूर हाती घ्यावी. मात्र पुस्तक खाली ठेवू नये.